जात्याची घरघर थांबली, ओवीचे काय?

पुणे हे गाणे ऐकणाऱ्यांचे शहर आहे, असे पुणेकर अभिमानाने सांगतात आणि ते खरेही आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा प्रयोग याच शहरात झाला आणि मराठी माणसाला नाट्यसंगीताचे वेड लागले. १९११ मध्ये भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाजाचा पाया घातला. १९३२ मध्ये विनायकबुवा पटवर्धनांनी येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. १९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. तेव्हापासून डिसेंबरातली थंडी, शाल, मफलर, डबा आणि थर्मास घेऊन मंडपात बसलेली कुटुंबे हे पुण्याचे एक चित्रच होऊन गेले आहे. समेवर नेमकी मान हलवणारा श्रोता ही या शहराची मिरास. तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे, ही येथली जुनी शिकवण.

पण कानसेनांच्या या शहराला एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. आपण स्वतः शेवटचे कधी गायलो? स्नानगृहातले गुणगुणणे सोडा. गणपतीच्या दिवसांतली आरतीही क्षणभर बाजूला ठेवा. चारचौघांत, घरातल्या माणसांसमोर, मोकळ्या आवाजात आपण कधी गायलो? बहुतेकांना आठवावे लागेल. 'माझा आवाज चांगला नाही' किंवा 'मला सूर-तालातले काही कळत नाही' हे आपले ठरलेले उत्तर. गाणे हे गाणाऱ्यांनी गायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, अशी वाटणी आपण कधी करून टाकली, हे आपल्यालाही कळले नाही.

ही वाटणी फार जुनी नाही. याच पुणे जिल्ह्यात, नाटक मंडळ्यांच्या आणि गायन शाळांच्या कितीतरी आधीपासून, घरोघर एक गाणे चालू होते. त्याला तिकीट नव्हते, मंडप नव्हता, श्रोतेही नव्हते. ते गाणे म्हणजे जात्यावरची ओवी.

नऊशे वर्षांचे गाणे

ओवी किती जुनी? कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून पाककलेपर्यंत सर्व विषय त्यात आहेत. त्यात गाण्यांच्या प्रकारांविषयी लिहिताना, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद राजाने करून ठेवली आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या १२९० सालाच्या दीडशे वर्षे आधीच ओवी ही आपल्या बायकांची म्हणून ओळखली जात होती. ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगण्यासाठी छंद निवडला तो हाच. ग्रंथातली ओवी आणि कष्टातली ओवी यांची घडण अगदी एक नाही, पण नाते उघड आहे. मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथ ज्या छंदात आहे, त्याचे माहेर उखळाशी आणि जात्याशी आहे, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो आणि विसरून जातो.

जनाबाईचे दळण आणि विठ्ठलाने तिला लावलेला हात ही कथा घराघरांत माहीत आहे. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षर येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या गात राहिल्या, मुलाने आणि आप्तांनी ते टिपून ठेवले आणि १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती कविता महाराष्ट्रापुढे आली. महाराष्ट्राने बहिणाबाईंना डोक्यावर घेतले ते योग्यच झाले. पण त्यांच्यासारख्या किती जणींच्या मुलांनी कागद-पेन्सिल हाती घेतली नसेल, याचाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

खुंट्यावरचे चार हात

ज्यांनी जाते चालताना पाहिले नाही अशा तरुण वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. जात्याच्या दोन तळ्या. खालची पक्की, वरची फिरती. वरच्या तळीच्या मधोमध तोंड, कडेला लाकडी खुंटा. बाई एक पाय लांब करून, दुसरा मुडपून बसते, एका हाताने खुंटा फिरवते, दुसऱ्याने मूठमूठ दाणे वैरते. ज्वारी-बाजरीचे पीठ फार दिवस टिकत नाही, तेव्हा दळण जवळजवळ रोजचेच. मोठ्या घराचे दळण एकटीला ओढवत नसे. मग जावा-जावा, नणंद-भावजय किंवा शेजारणी समोरासमोर बसत आणि एकाच खुंट्याला दोघींचे हात लागत. वेळ पहाटेची, कारण उजाडल्यावर पाणी, शेण, भाकरी, शेत ही कामे वाट पाहत असत.

या फिरण्यालाच ओवीचा ताल असतो. दगडाच्या फेऱ्याबरोबर ओळ पुढे सरकते. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात ऐकू येणाऱ्या ओव्या बहुधा दोन ओळींच्या. मधे 'बाई', 'गं', 'सांगते' असे शब्द घालून ओळ तालात बसवली जाते. एकीने सुरू करायचे, दुसरीने उचलायचे. चालीला बायका 'गळा' म्हणतात. गळा प्रत्येकीचा निराळा, ओव्या मात्र सर्वांच्या सामाईक. आजीकडून नातीकडे, माहेराहून सासरी, बाजाराच्या वाटेवर एका गावाहून दुसऱ्या गावी त्या फिरत. नवे सुचले की जोडायचे. अमुक ओवी कोणाची, असा प्रश्न कोणी विचारत नसे.

पहिली ओवी देवाला आणि मग आई-बाप, भाऊ, लेकरू, शेत, पाऊस असा क्रम पुष्कळदा असे. पण या नेमस्त क्रमाच्या आत बाई काय काय बोलून जाई ते पाहण्यासारखे आहे. सासरी तोंड उघडायची सोय नव्हती. बोलले तर तो उद्धटपणा, गायले तर ती ओवी. अंधाऱ्या पहाटे, तोंड जात्याकडे करून, जात्याच्या घरघरीच्या आडोशाने तिने जे सांगितले ते आजूबाजूला निजलेल्या सर्वांच्या कानांवर पडत होते आणि तरी कोणाला तिला बोल लावता येत नव्हता. जात्याला ओव्यांमधून देव म्हटले आहे, ते उगाच नव्हे.

यात एक विसंगतीही होती. ज्या काळात घरंदाज स्त्रीने लोकांपुढे गाणे हे निंद्य मानले जाई, हिराबाई बडोदेकरांसारख्या थोर गायिकेने तिकीट लावून जाहीर मैफल करणे हे धाडस ठरत होते, त्याच काळात प्रत्येक घरातली प्रत्येक स्त्री रोज पहाटे तास-दोन तास गात होती. तिला गायिका म्हणायचे मात्र कोणाच्या मनात आले नाही, तिच्या स्वतःच्याही नाही.

एक लाख ओव्यांची शिदोरी

हे गाणे टिपून ठेवण्याचे काम अनेकांनी केले. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या संग्रहात बायकांच्या ओव्या गोळा केल्या. दुर्गाबाई भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला उभे आयुष्य दिले. पण संख्येने आणि चिकाटीने थक्क करणारे काम पुण्यात राहून हेमा राईरकर आणि जन्माने फ्रेंच असलेले समाजशास्त्रज्ञ गी पॉइटवँ या दोघांनी केले. १९८० च्या दशकात पुण्याच्या पश्चिमेकडील डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करताना, सभेत बोलायला बिचकणाऱ्या बायका ओवी सुरू झाली की मोकळ्या होतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मुळशी-मावळातून सुरू झालेला हा शोध पुढे महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांपर्यंत पोचला. एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. १९९० च्या दशकात संगणक आणि संगीत या दोन्ही विषयांतले जाणकार बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि शंभरावर तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइटवँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. त्यांचा हा ठेवा २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून कोणालाही घरबसल्या ऐकता येतो.

या ओव्या चाळताना पुष्कळ समजुती मोडतात. बाईची ओवी म्हणजे माहेरची आठवण आणि भावाचे कौतुक एवढेच आपण धरून चालतो. तेही आहेच. पण सीतेचा वनवास या बायका असा गातात, की सीता देव्हाऱ्यातली न राहता सासुरवासाने गांजलेली आपलीच कोणी वाटावी. जन्म मुलीचा का दिला, हा प्रश्न आहे. बायकांच्या मैत्रीविषयी आहे, दारुड्या नवऱ्याविषयी आहे, पंढरीविषयी तर आहेच आहे. आणि बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात राहणाऱ्या बायकांच्या, बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत. ज्या छंदात विठ्ठल बसला त्याच छंदात त्यांनी भीमरावांना बसवले, आणि दीक्षेचा आनंदही त्याच जुन्या गळ्यावर गायला. परंपरा म्हणजे जे होते ते तसेच ठेवणे, असे मानणाऱ्यांनी या ओव्या जरूर ऐकाव्यात.

दूरदेशीची भावंडे

कष्टाचे गाणे हे काही एकट्या महाराष्ट्राचे नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज नावाची बेटे आहेत. तेथे हातमागावर विणलेले लोकरी कापड घट्ट व्हावे म्हणून ते भिजवून, लांब फळीवर आपटून मळावे लागे. आठ-दहा बायका फळीभोवती बसत आणि कापड एकीकडून दुसरीकडे सरकवीत, आपटीत. एकीने कडवे म्हणायचे, बाकीच्यांनी धृपद धरायचे. एका बैठकीत तेच गाणे पुन्हा म्हणायचे नाही, असा संकेत असल्याने प्रत्येकीकडे गाण्यांचा साठा मोठा. प्रियकर, वियोग, समुद्रात बुडालेला भाऊ, शेजारणीची थट्टा असे विषय. पुढे यंत्रे आली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम संपले. भाषा आणि हवामान निराळे, पण गोष्ट आपल्या जात्याचीच.

शिडांच्या जहाजांवर खलाशी दोर ओढताना जी गाणी गात, ती वाफेची जहाजे आल्यावर कामातून गेली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील तुरुंगांत कृष्णवर्णीय कैदी लाकडे तोडताना एका तालात कुऱ्हाड चालावी म्हणून गात. सर्वांचा घाव एकदम पडला की मागे पडणारा एकटा शिक्षेसाठी हेरता येत नसे. अॅलन लोमॅक्स यांनी १९४७-४८ च्या सुमारास मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगशेतीवर ही गाणी ध्वनिमुद्रित केली. पहारेकऱ्याच्या तोंडावर जे बोलता येत नव्हते ते तेथे गाण्यातून बोलले जाई. सासरच्या पहाटेशी याचे नाते आपल्याकडच्या बाईला समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी एक उदाहरण आपल्याला उपयोगी पडण्यासारखे आहे. बाल्टिक समुद्राकाठी एस्टोनिया हा छोटा देश आहे. रशियन झारच्या अमलाखाली असताना, १८८८ मध्ये, याकोब हुर्ट या धर्मोपदेशकाने वर्तमानपत्रांतून आपल्या देशबांधवांना आवाहन केले, की घरातल्या वडीलधाऱ्यांची गाणी लिहून पाठवा. शिक्षक, शेतकरी, कारागीर अशा शेकडो लोकांनी लिहून पाठवले आणि एक लाखाहून अधिक पानांचा संग्रह उभा राहिला. दहा लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात! त्याआधी १८६९ पासूनच तेथे समूहगानाचे मेळावे भरू लागले होते. शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, सोव्हिएत सत्तेखालच्या याच देशात लाखो माणसे मैदानात जमून गायली आणि १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला. गाण्याने राज्ये उलथतात असे म्हणण्याचा भाबडेपणा करण्याचे कारण नाही. पण जे लोक एकत्र गाऊ शकतात त्यांना एकत्र उभे राहणे सोपे जाते, एवढे तरी त्यातून दिसते.

जाते परत नको

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जाते थांबले याचे दुःख करण्याचे कारण नाही. गावोगाव वीज पोचली, पिठाच्या गिरण्या आल्या आणि बाईच्या खांद्यावरचे एक मोठे ओझे उतरले. गरोदरपणी, आजारपणी, उपाशीपोटी ओढलेल्या त्या दगडाचे गोडवे, ज्यांनी तो कधी ओढला नाही, त्यांनी गाऊ नयेत. ओव्या सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, जाते परत हवे का? त्या हसतात. त्यांना नातीच्या हातात खुंटा नको आहे, पाटी-पुस्तक हवे आहे.

पण कष्ट गेले तेव्हा त्यांच्याबरोबर गाणेही जायलाच हवे होते का? हा खरा प्रश्न आहे. दळण गिरणीत गेले, तो वेळ रिकामा झाला, आणि त्या वेळात आधी रेडिओ, मग टीव्ही, आता मोबाईल येऊन बसला. त्यात गाणी भरपूर आहेत. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' घरोघर पोचले, ते मराठी मनावरचे केवढे मोठे उपकार! उत्तम गाणे सर्वांना ऐकायला मिळाले, याचे मोल कमी लेखता येणार नाही. पण उत्तम गाणे चोवीस तास कानावर पडू लागले आणि आपल्या साध्या आवाजाची आपल्याला लाज वाटू लागली, हेही तितकेच खरे.

परिणाम आजूबाजूला दिसतो. भोंडल्याला पाटावर हत्ती काढून फेर धरणाऱ्या मुली कमी झाल्या, फेराच्या मधोमध स्पीकर आला. मंगळागौरीचे खेळ करणारे गट आता ठरवून बोलावता येतात. ते छान गातात, छान नाचतात, आणि घरच्या लेकी-सुना खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात. लग्नात हळदीच्या दिवशी जात्याला हळकुंड-सुपारी बांधतात, पाच जणी खुंट्याला हात लावतात, फोटो निघतो. ओवी मात्र कोणालाच येत नाही, म्हणून ती मोबाईलवर लावली जाते. या गटांत आज कितीतरी गृहिणी हौसेने उतरल्या आहेत, तेव्हा त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. पण जे घरचे होते ते बाहेरून मागवावे लागते, याची खंत वाटायला हरकत नाही.

याच पुण्यात दरवर्षी दोन दिवस दुसरे चित्र दिसते. आळंदीहून आणि देहूहून निघालेल्या पालख्या आषाढीच्या वाटेवर शहरात मुक्कामाला येतात. एक भवानी पेठेत, दुसरी नाना पेठेत. दिंड्यांमधून हजारो माणसे गात चालतात. तेथे आवाज चांगला आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. विणेकरी, टाळकरी, पखवाजाची साथ, एकाने चरण म्हणायचा, सर्वांनी उचलायचा. कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे याचा क्रम ठरलेला आणि तो पाठ. शेतकरी, शिक्षक, कारकून, डोक्यावर तुळस घेतलेली बाई, सारेच गायक. आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून डोळे भरून पाहतो. वारीत जिवंत राहिलेली ही रीत घरात का जिवंत राहू नये?

आता काय करता येईल

ज्या बायकांनी जाते स्वतः ओढले, ज्यांचा गळा पहाटेच्या ओवीवर तयार झाला, त्यांतल्या आज असलेल्या बहुतेक जणी सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्या एखाद्याच गावी नाहीत. पुण्यात पोटापाण्यासाठी आलेल्या प्रत्येक कुटुंबामागे एक गाव आहे. धनकवडी, हडपसर, येरवडा, पिंपरी येथल्या दोन खोल्यांच्या घरांत, नातवंडांना सांभाळत, त्या शांतपणे बसलेल्या आहेत. कोणी विचारत नाही म्हणून त्या सांगत नाहीत. त्यांच्यापाशी असलेले सर्व काही अभ्यासकांच्या लाख ओव्यांत आले आहे, असे समजण्याचे कारण नाही. पुढच्या दहा वर्षांत जे विचारले जाईल तेवढेच राहील.

याला अनुदान लागत नाही, संस्था लागत नाही. घरात आजी असेल, शेजारी कोणी मावशी असेल, कामाला येणाऱ्या ताई असतील, तर दुपारच्या निवांत वेळी त्यांच्यापाशी बसावे. 'गाणे म्हणा' असे म्हटले तर त्या लाजतील. 'दळताना तुमच्याकडे काय म्हणायचे?' असे विचारावे. हातात एखादी परडी किंवा वाटी फिरवायला दिली तर ओळ आपोआप आठवते, कारण ती ओवी डोक्यात जितकी आहे तितकीच हातात आहे. ज्या मोबाईलने घरातले गाणे बंद केले, तोच येथे कामाला लावावा. त्यांची संमती घेऊन आवाज टिपून ठेवावा आणि मुलांनी वहीत लिहून घ्यावे. ओवी कोणत्या गावची, कोणाकडून शिकली, कोणत्या कामाच्या वेळची, एवढे शेजारी लिहावे. शब्द सुधारू नयेत. 'व्हता' असेल तर 'व्हता'च लिहावे. मुलांना सुटीत देण्यासारखा याहून चांगला गृहपाठ नाही, आणि आजीला देण्यासारखा याहून मोठा मान नाही.

शाळांनीही वर्गात एक तास गाण्याचा ठेवावा, पण स्पर्धेचा नव्हे. क्रमांक आला की नव्वद मुले गप्प होतात आणि दहा गातात. सर्वांनी मिळून म्हणायचे, चुकले तर पुन्हा म्हणायचे, एवढाच नियम पुरे.

एस्टोनियातल्या त्या आवाहनाला लोकांनी उत्तर दिले, कारण आपल्या घरात काही मोलाचे आहे हे त्यांना पटले. आपल्याकडे तर हे नऊशे वर्षांपूर्वी एका राजाने नोंदवून ठेवले आहे. उत्तम गाणे ऐकायला पुणेकराने डिसेंबरात जरूर जावे, रांगेत उभे राहावे, शाल पांघरून बसावे. पण घरी परतल्यावर, आजीच्या शेजारी बसून, बेसूर का होईना, दोन ओळी तिच्याबरोबर म्हणाव्यात. तिला गाताना घरच्यांनी ऐकले नाही, असे फार दिवस झाले आहेत.